लाथा कुणी खाल्ल्या? सुआरेझवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतक्या पोटतिडकीने लिहिलेल्या मजकुराला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबने आपला उरुग्वेचा आघाडीपटू लुईस सुआरेझ याला 2013 च्या उन्हाळ्यातच विकायला हवं होतं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की क्लब म्हणजे काही संस्कारवर्ग नव्हे. त्याला ठेवला म्हणून 2013-14 चा तो हंगाम बघायला मिळाला आणि तो गेल्यावर संघ सहाव्या क्रमांकावर घसरला. मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला तो वंशवाचक बोलला, ते प्रकरण हा भाषेचा गैरसमज होता. प्रेक्षकाला लाथ मारणाऱ्या कँटोनाला युनायटेडने विकलं होतं का? आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड मानायच्या असतात, खऱ्या चाहत्याला हे सांगावं लागत नाही.’

दुधाबद्दल आधी बोलतो, कारण तिथे आपला वाद नाहीच. प्रतिस्पर्ध्याला चावल्याबद्दलच्या बंदीमुळे लीगच्या पहिल्या 5 सामन्यांना त्याला मुकावं लागलं. उरलेल्या 33 पैकी 33 सामने तो खेळला आणि 31 गोल केले. संघाचे 101 गोल झाले, 84 गुण झाले, आणि मँचेस्टर सिटी 2 गुणांनी पुढे राहिली. डिसेंबरात नॉर्विचविरुद्ध त्याने एकट्याने 4 गोल केले. त्यातला पहिला आठवतो ना? उसळत आलेला चेंडू त्याने लांबूनच, थांबवायच्या भानगडीत न पडता, गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात सोडला. मी ओरडत उठलो होतो. आणि मे महिन्यात क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 3-0 ची आघाडी 3-3 अशी विरघळली, सुआरेझने जर्सी तोंडावर ओढून घेतली, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा ‘खरा चाहता’ ही चाचणी बाजूला ठेवू. तो हंगाम जितका तुमचा, तितकाच माझा आहे.

तुमची म्हण मात्र मला दिवसभर टोचत राहिली. दुभत्या गाईच्या लाथा गोड मानायच्या त्या धारा काढणाऱ्याने. दूध त्याला मिळतं, लाथही तोच खातो, म्हणून त्या म्हणीत न्याय आहे. इथे दूध आपण प्यायलो. लाथा पॅट्रिस एव्हराने खाल्ल्या, सुआरेझ ज्याला चावला त्या चेल्सीच्या ब्रानिस्लाव इवानोविचने खाल्ल्या. त्यांच्या वतीने ‘गोड आहेत’ म्हणण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

एव्हराचं प्रकरण तुम्ही गैरसमज म्हणून एका वाक्यात उडवलंत, म्हणून त्यावर जरा थांबतो. 15 ऑक्टोबर 2011, अ‍ॅनफिल्ड, लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. सुआरेझचा बचाव असा होता की एव्हराच्या कातडीच्या रंगावरून त्याने वापरलेला शब्द उरुग्वेत सहज, आपुलकीनेही वापरला जातो. फुटबॉल असोसिएशनच्या स्वतंत्र आयोगाने हा मुद्दा टाळला नाही. त्यांनी स्पॅनिश भाषेच्या दोन तज्ज्ञांचं मत घेतलं. तज्ज्ञ म्हणाले, सुआरेझ सांगतो तसा शब्द वापरला असेल तर उरुग्वेत तो अपमान ठरणार नाही, पण एव्हरा सांगतो तसा वापरला असेल तर तिथेही ठरेल. म्हणजे प्रश्न शब्दकोशाचा उरलाच नाही. भांडण चालू असताना, समोरच्याला खिजवण्यासाठी तो शब्द आला की नाही, एवढाच प्रश्न राहिला. आयोगाने एव्हराचं खरं मानलं, तो शब्द 7 वेळा वापरला गेला असा निष्कर्ष काढला आणि कारणं 115 पानांत मांडली. शिक्षा 8 सामन्यांची बंदी आणि 40,000 पौंड दंड. सुआरेझ वंशवादी आहे असं आपल्याला म्हणायचं नाही, हे एव्हराने स्वतःच सांगितलं होतं. इतक्या संयमाने तक्रार करणाऱ्या माणसाला आपल्या बाजूने काय मिळालं?

शिक्षा जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 21 डिसेंबरला, विगनमध्ये सामना होता. वॉर्मअपला लिव्हरपूलचे खेळाडू पांढरे टी-शर्ट घालून उतरले. पुढे सुआरेझचा फोटो, मागे त्याचं नाव आणि 7 आकडा. मॅनेजर केनी डाल्गलिश यांनीही तोच टी-शर्ट घातला होता. तक्रारदार खोटं बोलतोय, असं तोंडाने न म्हणता सांगण्याची याहून मोठी जागा नसेल. मला सुआरेझच्या शब्दांपेक्षा त्या टी-शर्टांचा राग जास्त आहे. शब्द एका माणसाच्या तोंडून रागाच्या भरात गेले. टी-शर्ट मात्र कुणीतरी शांत डोक्याने छापून घेतले होते.

पुढे काय झालं तेही बघा. 11 फेब्रुवारी 2012 ला ओल्ड ट्रॅफर्डवर सुआरेझने एव्हराशी हात मिळवला नाही. हात मिळवणार असा शब्द त्याने क्लबला दिला होता. डाल्गलिश सामन्यानंतर त्याचीच बाजू घेत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही माफी मागावी लागली. प्रायोजक बँकेने जाहीर नाराजी व्यक्त केली, क्लबचे व्यवस्थापकीय संचालक इयान एर यांनी सुआरेझने आपली दिशाभूल केल्याचं सांगितलं. ज्याच्यासाठी आख्ख्या संघाने स्वतःची अब्रू पणाला लावली, त्याने दोन महिन्यांत क्लबला तोंडघशी पाडलं.

मग 21 एप्रिल 2013. चेल्सीविरुद्ध, अ‍ॅनफिल्डवर. सुआरेझने इवानोविचचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि दात रोवले. इवानोविच बाही वर सरकवून रेफ्रींना खूण दाखवत होता, पण रेफ्रींनी काही पाहिलंच नव्हतं. जादा वेळेच्या सातव्या मिनिटाला त्याच सुआरेझने हेडरने बरोबरी साधली आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं. चावण्याची ही दुसरी खेप. आयॅक्समध्ये असताना 2010 मध्ये त्याने पीएसव्हीच्या ओटमान बक्कालला चावून 7 सामन्यांची बंदी घेतलेली होतीच. या खेपेला 10 मिळाले, आणि शिक्षेच्या कडकपणाने आपल्याला धक्का बसला, असं क्लबने म्हटलं. मी लेखात ‘विकायला हवं होतं’ म्हटलं ते या वाक्यापाशी येऊन. निव्वळ चावण्यासाठी नव्हे. दीड वर्षात एवढं घडूनही क्लबला आपल्या खेळाडूला ‘ही शिक्षा बरोबर आहे’ एवढं सरळ म्हणता येत नव्हतं. ज्याला असं म्हणता येत नाही, त्याला ठेवून घेतलं की तो क्लबचा राहत नाही, क्लब त्याचा होतो.

कँटोनाचं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत, पण ते नीट पाहिलं तर माझ्याच बाजूला येतं. जानेवारी 1995 मध्ये त्याने सेलहर्स्ट पार्कवर प्रेक्षकाला लाथ मारली. फुटबॉल असोसिएशनचा निकाल यायच्या आधी, दोन-तीन दिवसांत, युनायटेडने स्वतः त्याला उरलेल्या हंगामासाठी बाहेर बसवलं आणि दंड केला. असोसिएशनने नंतर ती बंदी 30 सप्टेंबरपर्यंत वाढवली. त्या मोसमात युनायटेडचं विजेतेपद ब्लॅकबर्नकडे गेलं, अवघ्या 1 गुणाने. किंमत त्यांनी स्वतः मोजली. मग युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन पॅरिसला गेले, समजूत घालून त्याला परत आणलं, आणि 1996 च्या एफए कप फायनलमध्ये त्याच कँटोनाने आपल्याविरुद्ध एकमेव गोल केला. तो गोल मला आजही सलतो, पण त्याला ठेवण्याचा युनायटेडचा हक्क मी नाकारू शकत नाही. आधी कान धरला, मग पाठीशी उभे राहिले. एव्हराच्या वेळी आपण फक्त पाठीशी उभे राहिलो.

आता पैशाचा मुद्दा. इथे तुम्ही बरोबर आहात आणि मी लेखात घाई केली. 2013 मध्ये आर्सेनलची बोली 4 कोटी आणि वर 1 पौंड होती. वर्षभराने बार्सिलोनाकडून साडेसहा कोटींच्या आसपास मिळाले. थांबण्याने फायदा झाला, हे मान्य. आर्सेनलला नकार देणंही बरोबरच होतं, प्रतिस्पर्ध्याच्या हातात कुणी तलवार देत नाही. माझ्या मनात परदेशी क्लब होता, ते मी स्पष्ट लिहायला हवं होतं. पण जून 2014 मध्ये वर्ल्ड कपला त्याने इटलीच्या किएलिनीला चावलं, चार महिन्यांची बंदी घेतली आणि त्या अवस्थेत आपण त्याला विकलं. तरीही इतका भाव आला, यात क्लबचं शहाणपण कमी आणि त्याच्या पायांतली जादू जास्त.

राहता राहिला सहावा क्रमांक. तो विक्रीमुळे आला असं मी मानत नाही, आलेला पैसा जसा उधळला त्यामुळे आला. त्याच्या जागी आणलेल्या बालोटेलीने लीगमध्ये 1 गोल केला. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचा तारा कुटिन्होला विकलं तेव्हा याच क्लबने बचावपटू व्हॅन डाइक आणि मग गोलकीपर अ‍ॅलिसन आणले, आणि 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग घरी आली. तारा गेला की संघ बुडतोच, हे गणित तिथे साफ चुकलं.

शेवटी तुम्ही थेट विचारलंत, ‘तो हंगाम नसता तर चाललं असतं का?’ हो, चाललं असतं. हे लिहिताना जड जातंय, नॉर्विचचा तो गोल आत्ताही डोळ्यांसमोर आहे. पण 2019 मध्ये लिव्हरपूलचा माजी खेळाडू जेमी कॅरागरला टीव्हीच्या स्टुडिओत शेजारी बसलेल्या एव्हराची त्या टी-शर्टांबद्दल माफी मागताना पाहिलं, आम्ही फार मोठी चूक केली असं तो सांगत होता. क्लबचे तेव्हाचे मुख्याधिकारी पीटर मूर यांनीही पुढे माफीचं पत्र पाठवल्याचं एव्हराने सांगितलं. आठ वर्षं एव्हरा त्या शब्दांची वाट बघत होता.

एक दुरुस्तीही. इवानोविच प्रकरणानंतर क्लबने काहीच केलं नाही, असं मी लेखात लिहिलं होतं. ते चूक होतं. क्लबने त्याला दंड केला होता आणि ती रक्कम, लिव्हरपूलचे चाहते दगावले त्या हिल्सबरो स्टेडियमच्या दुर्घटनेतल्या कुटुंबांच्या संघटनेला दिली होती. तुम्ही लक्षात आणून दिलंत, आभारी आहे. लेखात तो परिच्छेद आज बदलला आहे.