‘काळ थांबलेलं गाव’ हे शब्द मी मागे घेतो, पण…

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण त्याच रात्री लिहायला बसलो असतो तर नुसता स्वतःचा बचाव केला असता.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इराणमधल्या अब्याने गावावरच्या माझ्या लेखात मी ‘काळ थांबलेलं गाव’ असं म्हटलं होतं. तुमच्या मते हे दोन तास फिरून बसमध्ये बसणाऱ्या पर्यटकाचं वाक्य आहे. तरुण माणसं केव्हाच तेहरान-काशानला गेली, मागे राहिलेले म्हातारे सुकवलेली सफरचंदं विकत बसतात, तेव्हा हे गाव उरलं नसून सिनेमाचा सेट झालाय. मशिदीला मी चार परिच्छेद दिले आणि ‘आपल्या पारशी बांधवांच्या’ अग्निमंदिराला एकच ओळ, हा दुसरा आक्षेप. मातीच्या घरांचं कौतुक ज्यांना त्यात राहावं लागत नाही तेच करतात, त्यापेक्षा सिमेंट ओता, हा तिसरा. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, लेखातल्या त्या आजींचा फोटो त्यांना विचारून काढला होता का?

फोटोचं आधी सांगतो. नाही विचारलं. पांढऱ्या कापडावर मोठाले गुलाब असलेली ओढणी घेऊन त्या चढावरून येत होत्या, मी लांबून कॅमेरा लावला आणि घेतला. त्या ओढणीविषयी गावात अभिमानाने सांगतात की १९३६ मध्ये रझा शाहने बायकांनी डोकं झाकायला बंदी केली, तरी इथल्या बायकांनी ती सोडली नाही. ज्या बाईच्या मागच्या पिढ्यांनी सरकारला सांगितलं की आमचं आम्ही ठरवू, तिचा चेहरा मी न विचारता इथे लावला. तुम्ही बोललात ते बरं झालं.

आता अग्निमंदिर. गावातल्या हारपाक नावाच्या उतारावरच्या जुन्या वास्तूला अग्निमंदिर मानतात आणि तिचा काळ सासानी म्हणजे इस्लामपूर्व सांगतात. तिला एका ओळीत उरकलं ही माझी चूक, कबूल. पण मशिदीला दिलेली जागा मी कमी करणार नाही. आणि ‘आपले पारशी’ म्हणताना एक लक्षात घ्या, आपल्याकडे मुंबई-पुण्यात हॉटेलं काढणारे जे इराणी झरतुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माचे लोक आले, ते मुख्यतः यझ्द आणि केरमान भागातल्या खेड्यांतून. अब्यानेशी त्यांचं नातं थेट जोडायला माझ्याजवळ काहीही आधार नाही.

मशिदीबद्दल मी एवढं लिहिलं ते तिथल्या लाकडासाठी. जामे मशिदीत बाहेरच्या उन्हातून आत गेलं की आधी काही दिसत नाही. डोळे सरावले की एक मिंबर दिसतो. मिंबर म्हणजे शुक्रवारी प्रवचन देणाऱ्याने चढून बसायचं पायऱ्यांचं आसन. कोरीव, काळपट, हात लागून लागून कडा गोल झालेला. त्यावरचं साल हिजरी ४६६, म्हणजे इसवी १०७३-७४. तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक घराण्याचा सुलतान मलिकशाह नुकताच गादीवर आला होता आणि निजामुल्मुल्क त्याचा वजीर होता. आपल्या मनात काळ बसावा म्हणून सांगतो, अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं. तेरा-चौदा वर्षांचं अंतर. पण अंबरनाथ दगडात आहे. इथे आहे लाकूड, तेही साडेनऊशे वर्षं माणसांच्या वापरातलं. त्याच मशिदीतला लाकडी मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, हिजरी ४७७ चा, मिंबरानंतर अकरा वर्षांनी केलेला. आणि मिंबर आहे म्हणजे शुक्रवारची नमाज आणि खुत्बा, म्हणजे प्रवचन, तिथे होत असे, म्हणजेच करकस डोंगराच्या कुशीतली ही वस्ती तेव्हाही चार घरांची नव्हती. हारपाक किती जुनं हे अंदाजाने सांगावं लागतं. मिंबरावर सुताराने साल कोरून ठेवलंय. मला त्या सुताराचा मोह पडला, आणि तो अजून सुटलेला नाही.

‘सेट’ या शब्दाशी मात्र माझं भांडण आहे. माझे ‘काळ थांबलेलं’ हे शब्द चुकलेच, पण तुमचा ‘सेट’ही त्याच चुकीचा धाकटा भाऊ आहे. गाव मातीचं आहे ही गोष्ट दोन्हींतून निसटते.

अब्यानेत मी एका अंगणात उभा होतो, निदान मला ते अंगणच वाटलं. तेवढ्यात पायाखालून भांड्यांचा आवाज आला. मी कुणाच्या तरी स्वयंपाकघरावर उभा होतो. गाव उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जातं, खालच्याचं छप्पर ते वरच्याचं अंगण. दोन छपरं पुढे एक गृहस्थ लाल मातीत भुस्सा आणि पाणी घालून पायाने तुडवत होते. फारसीत याला काहगेल म्हणतात, काह म्हणजे भुस्सा आणि गेल म्हणजे माती. आपला ‘गिलावा’ हा शब्द त्याच मातीतून आला आहे. एका भिंतीचा पापुद्रा सुटला होता, तिथे ते हाताने लिंपत होते. नवा गिलावा गडद, जुना फिकट, आणि लोहाच्या अंशामुळे दोन्ही लालच. बर्फ पडलं की तेही छपरावरून वेळच्या वेळी लोटून द्यावं लागतं, नाहीतर पाणी मुरतं आणि तुळई कुजते.

मातीचं घर आपोआप जुनं होत नाही, आपोआप फक्त पडतं. त्यामुळे तिथे हजार वर्षांची वस्ती आहे याचा अर्थ हजार वर्षं कुणी ना कुणी माती तुडवतंय. यात काळ थांबलाय कुठे? आणि सेट असता तर शूटिंग संपल्यावर त्याच्यावर कुणी भुस्सा कालवत बसलं नसतं. मुहर्रममध्ये शहरांत गेलेली पोरं-नातवंडं गावी येतात, नख्ल नावाचा मोठा लाकडी सांगाडा खांद्यावर घेऊन त्याच गल्ल्यांतून फिरवतात. वर्षभर कुलूप असलेलं दारही तेव्हा उघडतं. आपल्याकडे गणपतीत चाकरमानी कोकणात उतरतात, तेव्हा त्या गावांना कुणी सेट म्हणतं का?

नतंझ हे नाव आपल्यापर्यंत अणुप्रकल्पाच्या बातम्यांतूनच पोचलं. त्याच नतंझ भागात हे लिंपणं चालू आहे, आणि मला तेच सांगायचं होतं. नीट सांगितलं नाही.

आता तुमचा तिसरा आक्षेप. त्यावर माझ्याकडे ठाम उत्तर नाही, आणि तो दूरचा विषयही नाही. मी लातूरकडचा. माळवदाच्या घरात वाढलो. सागवानी तुळया, त्यावर किलचन, त्यावर पाला आणि वर फूट-दीड फूट पांढरी माती. मिरगाच्या आधी आजोबा माळवदावर नवी माती टाकून घ्यायचे, धुमसाने चोपायचे आणि आम्ही पोरं भांड्याने पाणी शिंपायचो. उन्हाळ्यात आत इतकं गार की दुपारी गोधडी लागायची. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट झाली. किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः अशाच घरांच्या दगड-मातीच्या भिंतींखाली आणि अशाच माळवदांखाली. आमच्या घरात कुणी दगावलं नाही, पण त्यानंतर आजोबा त्या छपराखाली झोपले नाहीत. दोन वर्षांत माळवद उतरवलं. मी विरोध केला नाही, करण्यासारखं काही नव्हतं. इराणलाही हे माहीत आहे. डिसेंबर २००३ मध्ये बम शहर कोसळलं, तिथला कच्च्या विटांचा प्राचीन किल्ला आणि त्याबरोबर हजारो माणसं.

म्हणून मातीच्या घरात राहणं सुंदर आहे, लोकांनी राहावंच, असं मी म्हणणार नाही. १९७५ मध्ये अब्यानेची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद झाली आणि २००७ पासून ते युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. अशा गावात घराचा दर्शनी भाग मालकाच्या मनाने बदलता येत नाही. ज्याने ही बंधनं घातली त्याने भुशा-मातीचा, मजुरीचा, भिंतीला आतून आधार देण्याचा भार उचलायला हवा, एकट्या म्हातारीवर सोडून चालणार नाही. इथे मी तुमच्या बाजूने आहे. फक्त, ‘मग सिमेंट ओता’ हा तुमचा उपाय पटत नाही. आमच्या स्लॅबच्या घरात एप्रिलमध्ये दुपारी कुणी बसू शकत नाही, आणि आईला अजून त्या गार खोलीची आठवण येते. भूकंपात तग धरेल असं मातीचं घर बांधण्यावर काम करणारे लोक आहेत. आमच्याकडे ते १९९३ नंतर पोचले असते, तर कदाचित एक तरी माळवद राहिलं असतं.

मूळ लेखात बदल केले आहेत. ‘काळ थांबलेलं’ काढलं. हारपाकवर स्वतंत्र परिच्छेद घातला. गावाचं स्थानिक नाव ‘विऊना’ आहे आणि त्याचा संबंध तिथल्या बोलीतल्या वाळुंजाच्या ‘वी’ या शब्दाशी लावतात, हे राहून गेलं होतं, तेही जोडलं. माती तुडवणाऱ्या गृहस्थांचा फोटो त्यांनी हसून हो म्हटल्यावरच काढलेला आहे, तो आता सर्वात वर आहे. आजींचा काढून टाकला.