सगळे मानसिक आजार म्हणजे व्हिटॅमिनची कमतरता? हा दावा तपासून पाहू

मानसिक आजार असं मुळात काही नसतं, ती फक्त व्हिटॅमिनची कमतरता असते; मानसोपचाराच्या गोळ्या बंद करा, बी-३, बी-१२ आणि डी भरपूर घ्या, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. अशा अर्थाचा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. तो वाचून कुणी खरोखरच गोळ्या बंद केल्या तर काय होऊ शकतं, याची मला काळजी वाटते. म्हणून त्यातला एकेक दावा तपासतो.

कमतरतेमुळे मन बिघडतं, हा पहिला दावा. तो खरा आहे, आणि बरेच डॉक्टरही तिकडे पुरेसं लक्ष देत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पेलाग्रा या आजाराने थैमान घातलं होतं. बहुतांशी मक्यावर जगणारी गरीब माणसं त्याला बळी पडत. आधी कातडी काळवंडून सोलायची, जुलाब लागायचे, पुढे भ्रम आणि भास सुरू व्हायचे. कितीतरी रुग्ण मनोरुग्णालयांत जाऊन पडले. हा संसर्ग असावा असंच अनेकांना वाटत होतं. १९१४पासून अमेरिकन डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी चिकाटीने दाखवून दिलं की दोष आहारात आहे. १९३७मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ कॉनराड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक ॲसिड, म्हणजे बी-३, हा त्यावरचा नेमका इलाज शोधला. ते मिळाल्यावर वेडे ठरवलेले रुग्ण काही दिवसांत भानावर येत.

बी-१२चं तर आजही तसंच आहे. त्याच्या कमतरतेने विस्मरण, चिडचिड, नैराश्य, संशय, क्वचित भाससुद्धा होतात. १९८८मध्ये अमेरिकेतले डॉक्टर लिंडेनबाम आणि सहकाऱ्यांनी अशा कमतरतेमुळे मज्जासंस्थेची किंवा मनाची लक्षणं असलेल्या १४१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या ४० जणांना ॲनिमिया नव्हता आणि त्यांच्या तांबड्या पेशीही मोठ्या झालेल्या नव्हत्या. म्हणजे हिमोग्लोबिन चांगलं आहे एवढ्यावरून बी-१२ ठीक आहे असं समजता येत नाही. मांस, अंडी, दूध यांतलं काहीच न खाणारे, पोटाची शस्त्रक्रिया झालेले, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे आणि वयस्कर लोक यांच्यात मानसिक लक्षणं दिसली तर ही तपासणी व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा दावा असा की, म्हणून सगळेच मानसिक आजार कमतरतेचे. इथे गाडी रुळावरून घसरते. पेलाग्रात भास होतात, याचा अर्थ भास होणाऱ्या प्रत्येकाला पेलाग्रा आहे असा होत नाही. आणि ही कल्पना कुणी तपासलीच नाही असंही नाही. १९५०च्या दशकात कॅनडात हॉफर आणि ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियासाठी (भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) बी-३चे मोठे डोस द्यायला सुरुवात केली. पुढे इतरांनी काटेकोर चाचण्या केल्या तेव्हा तो फायदा दिसला नाही, आणि १९७३मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने तसा स्पष्ट निष्कर्ष दिला.

व्हिटॅमिन डीची कथा वेगळी नाही. नैराश्यात असलेल्या लोकांच्या रक्तात ते अनेकदा कमी आढळतं. पण नैराश्यातला माणूस नीट जेवत नाही, घराबाहेर पडत नाही, त्यामुळे ही कमतरता आजाराचा परिणामही असू शकते. २०२०मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल आले: पन्नाशी आणि त्यापुढच्या १८,३५३ जणांपैकी काहींना रोज २००० युनिट डी, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, सुमारे ५ वर्षं. नैराश्य येण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

तिसरा दावा, गोळ्या बंद करा. सगळ्यात मोठी हानी इथे आहे. लिथियम हे मनःस्थितीतले टोकाचे चढउतार आवरणारं औषध एकदम थांबवलं तर उन्माद पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो. नैराश्याच्या अनेक गोळ्या झटक्यात सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड सुरू होते आणि मूळ आजारही परतू शकतो. तपासणीत कमतरता सापडली तरी तिचा उपचार चालू औषधांच्या जोडीने करता येतो. गोळी कमी करायची की नाही, हे रुग्णाला पाहून मानसोपचारतज्ज्ञच ठरवू शकतो.

उरला लघवीवाटे निघून जाण्याचा मुद्दा. ए आणि डी चरबीत विरघळतात, त्यामुळे शरीरात साठतात. डी अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि त्यानेच माणूस गोंधळतो, मलूल होतो. बी-३च्या मोठ्या डोसने यकृताला इजा होऊ शकते. बी-६ पाण्यात विरघळणारं आहे, तरी त्याचे प्रचंड डोस घेणाऱ्यांच्या हातापायांतली संवेदना जाऊन त्यांना धड चालता येईना, हे १९८३मध्येच नोंदवलं गेलं आहे.

घरी बसून व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा प्रयोग करण्यात आणखी दोन धोके आहेत. बी-१च्या तीव्र कमतरतेत माणूस अचानक गोंधळतो, त्याचा तोल जातो, डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, पण ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही. खूप दारू पिणाऱ्यांत हे होतं, तसंच गरोदरपणात सतत उलट्या होणाऱ्यांत आणि वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांतही होतं. तिथे तोंडाने घ्यायची गोळी पुरत नाही. त्याच दिवशी रुग्णालयात शिरेतून बी-१ द्यावं लागतं, नाहीतर स्मृती कायमची जाऊ शकते. दुसरा धोका फॉलिक ॲसिडचा, तेही बी गटातलंच व्हिटॅमिन. बी-१२ कमी असताना नुसतं तेच घेत राहिलं तर ॲनिमिया सुधारतो, रिपोर्ट बरा दिसतो आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालूच राहतं. म्हणून रक्त आधी तपासायला द्या आणि गोळी त्यानंतरच सुरू करा.