दहा किलोचं हृदय, जे कुणी तोललंच नाही

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी एक फॉरवर्ड टाकला. आता काका म्हणजे चाळीस वर्षं महालक्ष्मी रेसकोर्सला जाणारा माणूस, रेसबुकावर पेन्सिलीने खुणा करकरून नजर गेली त्यांची, त्यामुळे घोड्यांच्या बाबतीत ते जे म्हणतील ते घरात शेवटचं. फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल, दर दोन-चार महिन्यांनी फिरतो. थोडक्यात असा: सेक्रेटॅरियट नावाचा अमेरिकन घोडा, 1973 ची बेलमाँट स्टेक्स ही रेस 31 लेंथने जिंकला (एक लेंथ म्हणजे घोड्याच्या अंगाच्या लांबीएवढं अंतर). मेल्यावर छाती उघडून हृदय वजनकाट्यावर ठेवलं तर 22 पौंड, म्हणजे दहा किलो, साध्या घोड्याच्या दुपटीहून जास्त. हे हृदय आईकडून एक्स क्रोमोसोमवरून आलेलं, म्हणून तो आयुष्यात कधी हरला नाही. मालकिणीने त्याला छापा-काट्यात जिंकलं. पोरांना ते हृदय मिळालं नाही म्हणून स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा घोडा, म्हणून फेल गेला. जगात अख्खा पुरलेला तो एकमेव घोडा. खाली फोटो, जॉकी मान वळवून बघतोय मागे कोणी आहे का, तर कोणीच नाही. आणि शेवटी अर्थातच 'काळीज मोठं ठेवा, यश तुमचंच'.

यातलं 31 लेंथ तेवढं खरं आहे. बाकीचं एकेक घेतो, ग्रुपवर लिहायला गेलो तर काकू म्हणाली एवढं मोठं कोण वाचणार, म्हणून इथे.

आधी ते वजन. सेक्रेटॅरियट 4 ऑक्टोबर 1989 ला गेला, केंटकीत क्लेबोर्न फार्मवर, वय 19. लॅमिनायटिस झाला होता, म्हणजे खुराच्या आतला थर सुजतो आणि घोड्याला पाय टेकवणं नकोसं होतं, शेवटी इंजेक्शन देऊन सोडवलं त्याला. त्याचं शवविच्छेदन केलं केंटकी विद्यापीठाचे डॉ. थॉमस स्वर्झेक यांनी. त्यांनी हृदय पाहिलं, प्रचंड आहे म्हणाले, निरोगी आहे म्हणाले, कुठे आजाराने सुजलेलं-फुगलेलं नाही, सगळं प्रमाणात, फक्त मोठं. पण तोललं नाही! काटा वगैरे काही नव्हता हो त्या गोष्टीत. मग 22 पौंड आले कुठून? तर 1993 मध्ये शॅम नावाचा घोडा मेला, त्याचं हृदय याच डॉक्टरांनी खरंच तोललं, ते भरलं 18 पौंड, म्हणजे आठ किलोच्या वर. तेव्हा डॉक्टर आठवून म्हणाले की सेक्रेटॅरियटचं याहून मोठं होतं, 22 तरी असेल. म्हणजे अंदाज आहे हा, अनुभवी माणसाचा अंदाज आहे, मी तो उडवून लावत नाही, साध्या थरोब्रेडचं, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याचं, हृदय चार किलोच्या आसपास असतं तेव्हा हे नक्कीच अवाढव्य असणार. पण मंडईत भाजीवाल्याने हाताने उचलून 'किलोभर आहे घ्या' म्हटलं तर तुम्ही काट्यावर टाकायला लावता ना? इथे मात्र काट्यावर टाकल्याचीच गोष्ट रचली गेली.

आता गंमत बघा. हा शॅम कोण? 1973 च्या केंटकी डर्बीत दुसरा, प्रीकनेसमध्ये दुसरा, आणि बेलमाँटमध्ये पाच घोड्यांत पाचवा. डर्बीच्या वेळी तर गेटवर तोंड आपटून त्याचे दात गेलेले, तरी अडीच लेंथच मागे होता. म्हणजे या अख्ख्या गोष्टीत जे एकच हृदय खरोखर काट्यावर चढलं, ते शेवटच्या आलेल्या घोड्याचं. आठ किलोचं हृदय घेऊन शेवटचा! बेलमाँटला तो पहिले सहा फर्लांग (पाऊण मैल) सेक्रेटॅरियटच्या बरोबरीने पळाला, 1 मिनिट 9 आणि चार पंचमांश सेकंद, दीड मैलाच्या रेसला असा पेस म्हणजे आत्महत्याच, आणि तिथे शॅम फुटला. सेक्रेटॅरियट फुटला नाही. का फुटला नाही हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर 'हृदय मोठं' एवढंच असतं तर शॅम निदान दुसरा तरी आला असता.

मला विचाराल तर पेडिग्रीत जास्त उत्तर आहे. बाप बोल्ड रूलर, आठ वेळा अमेरिकेतला आघाडीचा सायर, म्हणजे ज्याची पोरं सगळ्यात जास्त कमावतात असा बाप, पोरं वाऱ्यासारखी पण लांब पल्ल्याला दम टिकणार नाही अशी त्यांची ख्याती. आई समथिंगरॉयल, तिचा बाप प्रिन्सक्विलो, त्याचं नाव दमासाठी. एकीकडून स्पीड, दुसरीकडून स्टॅमिना, असा संकर तर प्रत्येक ब्रीडर करत असतो आणि शंभरातले नव्वद त्यातून काहीच धड निघत नाहीत, एखादाच असा निघतो की दोन्ही बाजूचं चांगलं तेवढं उचलतो. वर ट्रेनर लुसियन लॉरिन, त्याने मोठ्या रेसआधी घोड्याकडून कसून काम करून घेतलं, आणि सईस एडी स्वेट, जो घोड्याजवळच राहायचा. फॉरवर्डमध्ये या दोघांचं नावही नाही.

त्या एक्स क्रोमोसोमबद्दल. ही थिअरी कुणी फॉरवर्डवाल्याने काढलेली नाही, अमेरिकेत नव्वदच्या दशकापासून ब्रीडिंगच्या मंडळीत चालते. म्हणणं असं की मोठ्या हृदयाचं जनुक एक्सवर असतं आणि ते अठराव्या शतकातल्या इक्लिप्सपर्यंत मागे जातं. इक्लिप्स 1764 चा, 18 रेस धावला, एकही हरला नाही, 1789 मध्ये मेला तेव्हा हृदय 14 पौंड भरल्याची नोंद आहे. आणि हो, शॅमची आईसुद्धा प्रिन्सक्विलोचीच मुलगी, म्हणजे दोन्ही मोठ्या हृदयांचा आईकडचा आजोबा एकच. थिअरीवाले हे सांगून टाळी घेतात आणि मान्य, ऐकायला भारी वाटतं. पण दोन घोड्यांवरून नियम बनत नाही ना, प्रिन्सक्विलोच्या बाकीच्या नातवंडांची हृदयं कुणी तोलली? आणि ते जनुक एक्सवर कुणी बोट ठेवून दाखवलेलं नाही. उलट घोड्याला कमी पल्ला मानवतो की लांबचा, याच्याशी घट्ट जोडलेलं जनुक 2010 मध्ये आयर्लंडच्या संशोधकांनी दाखवलं, ते मायोस्टॅटिनचं, स्नायूंशी संबंधित, आणि ते बसलंय 18 नंबरच्या क्रोमोसोमवर. शिवाय हृदय ट्रेनिंगने वाढतं. आणि फक्त हृदयाने काय होतंय, घोड्याची प्लीहा पळताना आकुंचन पावून राखीव लाल पेशी रक्तात सोडते, श्वास टापांच्या तालात चालतो, फुप्फुसं आहेत, पाय आहेत, पाय टिकणं तर सगळ्यात आधी.

या थिअरीविरुद्ध सगळ्यात सोपा पुरावा तर छापा-काट्याच्याच गोष्टीत आहे, जी फॉरवर्डने उलटी सांगितली. मालकीण पेनी चेनरीबाईंच्या घरचा आणि बोल्ड रूलरच्या मालक फिप्स कुटुंबाचा करार होता, चेनरींच्या घोड्या बोल्ड रूलरकडे जायच्या आणि शिंगरं वाटून घ्यायची, पहिली निवड कुणाची ते नाणं उडवून. 1969 मध्ये नाणं उडवलं, ऑग्डेन फिप्स जिंकले, त्यांनी समथिंगरॉयलची तेव्हाची शिंगी उचलली. बाई हरल्या, म्हणून त्यांच्या वाट्याला पुढच्या वर्षीचं न जन्मलेलं शिंगरू आलं, आणि 30 मार्च 1970 ला व्हर्जिनियात जन्मलं ते हे. जिंकून नाही, हरून मिळाला! (आमच्याकडे वाटण्यांमध्ये हरणारा असा कधी सुटला नाही, असो.) आता ती फिप्सनी उचललेली शिंगी, तिचं नाव द ब्राइड, तिचे आईबाप तेच, सख्खी बहीण. आईचा एक्स तिलाही, वर बापाचाही. चार रेस धावली, एकही जिंकली नाही. आईच्या दोन एक्सपैकी तिला दुसरा आला असेल असं थिअरीवाले म्हणतील, म्हणू देत, पण मग ही थिअरी चुकणार तरी कधी ते सांगा.

कधी हरला नाही? 21 रेस, 16 विन. पहिल्याच रेसला, 4 जुलै 1972, धक्काबुक्कीत सापडला आणि चौथा. शॅम्पेन स्टेक्सला पहिला आला पण दुसऱ्या घोड्याला अडवलं म्हणून दुसरा केला. डर्बीच्या दोन आठवडे आधी वुड मेमोरियलला तिसरा, तोंडात गळू झालं होतं. आणि ट्रिपल क्राउन, म्हणजे डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट तिन्ही, जिंकल्यानंतर, म्हणजे अख्खी अमेरिका डोक्यावर घेऊन नाचत असताना, ऑगस्ट 1973 मध्ये साराटोगाला व्हिटनी स्टेक्समध्ये त्याला हरवलं ओनियन नावाच्या घोड्याने. कांद्याने रडवलं म्हणतात ते असं. मग वुडवर्डमध्ये प्रूव्ह आउटने हरवलं, आणि ओनियन काय प्रूव्ह आउट काय, ट्रेनर एकच, अ‍ॅलन जर्केन्स. हृदय तर तेच होतं, जूनमध्ये 31 लेंथ आणि ऑगस्टमध्ये हार. अंगात कणकण होती म्हणतात व्हिटनीच्या वेळी. रेस खेळणाऱ्या माणसाला हे सांगावं लागू नये खरं तर, काका स्वतःच दर रविवारी 'आज घोड्याचा मूड नव्हता' म्हणत घरी येतात.

स्टॅलियन म्हणून फेल, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो अर्धवट खरा वाटतो म्हणून जास्त पसरतो. डर्बी धावायच्या आधीच त्याचं सिंडिकेट झालं होतं, म्हणजे मालकीचे हिस्से पाडून विकले होते, 32 शेअर, एकेक 1 लाख 90 हजार डॉलरला, एकूण 60 लाख 80 हजार, तेव्हाचा विक्रम. एवढे पैसे मोजल्यावर लोकांना दुसरा सेक्रेटॅरियटच पाहिजे होता. तो काही निघाला नाही, ठीक आहे. पण मुलगी लेडीज सीक्रेट 1986 ची हॉर्स ऑफ द इयर. मुलगा रायझन स्टार 1988 ची प्रीकनेस आणि बेलमाँट दोन्ही जिंकला, बेलमाँट तर पावणेपंधरा लेंथने. दुसरा मुलगा किंग्स्टन रूल, त्याने ऑस्ट्रेलियातला 1990 चा मेलबर्न कप 3 मिनिटं 16.3 सेकंदात मारला आणि 3200 मीटरच्या त्या रेसचा तो रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही. फेल गेलेल्या बापाची ही पोरं. पोरग्यांना बापाचा एक्स मिळतच नाही, तेव्हा थिअरीप्रमाणे या दोघांना ते हृदय त्याच्याकडून येणं शक्यच नव्हतं, तरी पळाली की नाही?

आणि मुली. वीकेंड सरप्राइजच्या पोटी ए. पी. इंडी, टर्लिंग्वाच्या पोटी स्टॉर्म कॅट, सीक्रेटेमच्या पोटी गॉन वेस्ट. स्टॉर्म कॅटची एका कव्हरिंगची, म्हणजे एक घोडी फळवण्याची, फी पुढे 5 लाख डॉलरपर्यंत गेली होती, आणि थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, घोडी प्रत्यक्ष न्यावी लागते, नाहीतर शिंगराची नोंदच होत नाही, म्हणजे 5 लाख मोजून वर वाहतूक वेगळी. मुलींच्या पोटची नातवंडं गाजली म्हणून एक्सवाले परत खूष होतात, पण ए. पी. इंडीचा बाप सिॲटल स्लू होता, स्वतः ट्रिपल क्राउनवाला, त्याचं काहीच नाही का मग? 2025 च्या केंटकी डर्बीत धावलेल्या एकूण एक घोड्याच्या वंशावळीत सेक्रेटॅरियट सापडतो. फेल म्हणे.

अख्खा पुरल्याचं पटकन. परंपरा डोकं, हृदय आणि खूर पुरायची, याला पूर्ण पुरला हे बरोबर, पण एकमेव नाही. मॅन ओ' वॉरला 1947 मध्ये पेटीत घालून अख्खाच पुरला होता, तोही केंटकीतच.

बाकी मोजमापाचंच म्हणाल तर एक सांगतो. याच घोड्याच्या प्रीकनेसच्या वेळेवर वाद होता, इलेक्ट्रॉनिक घड्याळ बिघडलेलं, मैदानावरच्या माणसांची स्टॉपवॉच वेगळंच सांगत होती. शेवटी 2012 मध्ये, 39 वर्षांनी, मेरीलँडच्या रेसिंग कमिशनने जुनी चित्रफीत तपासून वेळ 1 मिनिट 53 सेकंद केली, तेव्हा तिन्ही रेसचे रेकॉर्ड त्याच्या नावावर लागले. डर्बीला प्रत्येक दोन फर्लांग आधीच्यापेक्षा कमी वेळात, 25 आणि एक पंचमांशवरून उतरत उतरत शेवटचे 23 सेकंदात, सव्वा मैल पळताना घोडा थकायच्या ऐवजी वेग वाढवत गेला. बेलमाँटचे 2 मिनिटं 24 सेकंद आजही तसेच आहेत, आपल्या इंडियन डर्बीचा पल्ला 2400 मीटर, हा त्याहून थोडा जास्त, मातीवर. त्या दिवशी तो इतका फेव्हरिट होता की 2 डॉलरला 2 डॉलर 20 सेंट मिळाले, आणि विनची 5617 तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत, आठवण म्हणून घरी ठेवली. एवढं सगळं मोजलेलं, नोंदलेलं पडलंय, आणि फिरतं काय तर न तोललेलं हृदय.

आणि तो फोटो. जॉकी रॉन टरकॉट मागे बघत नाहीये. नीट बघा, मान डावीकडे आहे, मैदानाच्या आतल्या बाजूला, तिथे बोर्डावर वेळ चालू होती. घड्याळ बघतोय तो.