निविदा ऑनलाइन झाली, म्हणून खरेदी सुधारली?

एक संदेश सध्या गटागटांत फिरतोय: "राज्य सरकारांनी सगळी खरेदी ऑनलाइन करावी, सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच काम द्यावं. भ्रष्टाचार आपोआप संपेल, वेगळा कायदा कशाला?" संतापामागची तळमळ खरी आहे. पण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

ऑनलाइनचंच घ्या. प्रतिस्पर्ध्याला निविदा भरूच न देण्याची दादागिरी पोर्टलमुळे अवघड झाली, हे मान्यच. मात्र खरा खेळ अटी लिहितानाच उरकलेला असतो. उपकरणाचं वर्णन एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातून मिलिमीटरसकट उतरवायचं, वर लहान पुरवठादाराला न झेपणारी उलाढालीची अट घालायची. पोर्टल तीही निविदा निमूट स्वीकारतं. सोबत दोन जोडीदारांनी चढे दर भरले की कागदोपत्री स्पर्धाही झाली! अटींचा मसुदा आधी जाहीर करून हरकती मागवणं आणि हरकत का फेटाळली ते लेखी कळवणं सक्तीचं हवं.

सर्वांत कमी दर? तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं. दरांची स्पर्धा तिथेही आहेच. पण आधी तांत्रिक लिफाफा, म्हणजे पुरवठादाराच्या पात्रतेची कागदपत्रं, उघडतो आणि त्यात पात्र ठरलेल्यांचेच दर पाहिले जातात. माल आल्यावर बॅचचे नमुने प्रयोगशाळेत जातात, तेही उत्पादकाचं नाव झाकून. कमी दर परवडतो तो या पहाऱ्यामुळे. केंद्रानेही ऑक्टोबर २०२१ मध्ये निवडक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार द्यायची मुभा दिली. शिवाय देयक कित्येक महिने अडकणार हे ठाऊक असलेला पुरवठादार त्याचं व्याज दरातच धरतो, किंवा फिरकतच नाही.

आणि सरकारी खरेदीचा वेगळा कायदा. तमिळनाडूने १९९८मध्ये, कर्नाटकाने १९९९मध्ये, राजस्थानने २०१२मध्ये तो केला. केंद्राचं २०१२चं विधेयक मात्र लोकसभेची मुदत संपताच बारगळलं. महाराष्ट्रात वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी २०२३ साली प्राधिकरणाचा कायदा झाला. इतर खात्यांची खरेदी मुख्यतः शासन निर्णयांवरच चालते. एका शासन निर्णयाला दुसऱ्याने बगल देता येते. राजस्थानात डावललेल्या निविदाधारकाला कायद्यानेच अपिलाचा हक्क आहे. तो नसेल तर उरतं उच्च न्यायालय. तिथला खर्च लहान पुरवठादाराला पेलत नाही, आणि सुनावणीची तारीख लागेपर्यंत माल गोदामात उतरलेला असतो.