कर्ज तिचं, मग नाव भावाचं कशाला?

मामीने काल रात्री एक मेसेज पुढे पाठवला. 'पतसंस्था दिव्यांगांना कर्ज देऊ शकत नाहीत. अंधांची सही कायद्याने चालत नाही. कर्ज पालकाच्या किंवा भावाच्या नावावर काढावे, नाहीतर फक्त दिव्यांग वित्त महामंडळाकडे जावे.' खाली तिचा प्रश्न : "मग दादाच्याच नावावर काढूया का?" माझी मामेबहीण जन्मापासून अंध आहे, खुर्च्या विणते, आता तिला गाळा भाड्याने घ्यायचाय. हा मेसेज तिच्याकडेही गेलाच असणार. तिचा फोन सगळं वाचून दाखवतो.

भावाच्या नावाचं आधी बोलते, कारण नुकसान तिथे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 13. स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा, बँकेचं कर्ज आणि इतर पतपुरवठा मिळवण्याचा दिव्यांगांना इतरांइतकाच हक्क आहे, आणि तो मिळतो की नाही हे सरकारने पाहायचं आहे. मदत करणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध आड येत असेल तर त्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हावं, हेही त्याच कलमात आहे. भावाच्या नावावर कर्ज काढलं तर हप्ते ती भरणार आणि पत भावाची वाढणार. पाच वर्षांनी दुसरं कर्ज मागायला गेली की तिच्या नावावर काहीही नसेल.

'पालक', म्हणजे कायद्याने नेमलेला सांभाळकर्ता, बहुधा 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातून उचललाय. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे, आणि तिथेही पालक नेमायला स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. नुसत्या अंधत्वाशी त्याचा संबंध नाही.

सहीचं म्हणणं साफ खोटं. करार करायला माणूस सज्ञान आणि शुद्धीवर असावा लागतो. 1872 च्या करार कायद्यात डोळ्यांची अट नाही. नाव लिहिता येत नसेल तर अंगठाही चालतो. महामंडळाकडे जरूर जावं, पण 'फक्त' कशासाठी?

एक मात्र मान्य करावं लागेल. अंध ग्राहकांना कर्जासकट कुठलीही सेवा नाकारू नका, हे रिझर्व्ह बँकेने 2008 मध्ये परिपत्रक काढून सांगितलं ते बँकांना, पतसंस्था त्यात येत नाहीत. पतसंस्था सभासदालाच कर्ज देते, जामीनदार मागते, आणि आपल्या दिव्यांग माणसांना जामीनदार मिळवताना चपला झिजवाव्या लागतात. पण सभासदत्व पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. नाकारलंच तर लेखी मागायचं आणि सहकार खात्याच्या निबंधकाकडे अपील करायचं.

मामी, सोमवारी आधी तिचा सभासदत्वाचा अर्ज भरू. दादाला यायचंच असेल तर जामीनदार म्हणून येऊ दे.