प्रकरण ९४ मधले फर्निचर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कोरियन फर्निचरच्या निर्यातीवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तीत चार आक्षेप आहेत : लेखातला निर्यातीचा आलेख फुगलेला आहे, ज्या कंपनीचे मी सर्वाधिक कौतुक केले तिच्या गाद्या कोरियात तयारच होत नाहीत, कोरिया-अमेरिका मुक्त व्यापार कराराचा उल्लेख मी सोयीस्करपणे टाळला, आणि कामगारांविषयी एक ओळही लिहिली नाही. जाता जाता आपण असेही म्हटले आहे की आपल्या पुण्यातल्या कार्यालयात कोरियन नावाची एक खुर्ची आहे, पण ती ‘खरोखर कुठली, देव जाणे’. पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, दुसरा अर्धा मान्य आहे आणि तिसरा मान्य नाही. चौथ्याला उत्तर देण्याआधी मला लेख पुन्हा काढून वाचावा लागला.

आलेखापासून सुरुवात करतो. कोरियाच्या सीमाशुल्क आकडेवारीतले प्रकरण ९४, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला त्या क्रमांकाचा विभाग, मी सरसकट ‘फर्निचर’ म्हणून घेतले, आणि ते चूक होते. या प्रकरणात ९४०३ या शीर्षक-क्रमांकाखाली टेबले, कपाटे आणि पलंग येतात हे खरे. परंतु ९४०४ खाली गाद्या येतात, ९४०५ खाली दिवे आणि ९४०६ खाली तयार सांगाड्यांची घरेसुद्धा येतात. सर्वांत मोठी गफलत ९४०१ मध्ये होते, कारण ‘बसण्याची साधने’ या शीर्षकाखाली दिवाणखान्यातल्या सोफ्याबरोबर विमानातली आसने, मोटारीची आसने आणि त्या आसनांचे सुटे भागही मोजले जातात. जो देश जगभर मोटारी विकतो आणि परदेशातल्या आपल्या मोटार कारखान्यांना सुटे भाग पुरवतो, त्याच्या या आकड्याला घरगुती फर्निचर समजणे म्हणजे किराणा दुकानाच्या विक्रीत शेजारच्या गॅरेजची विक्री मिळवण्यासारखे आहे. आलेखात भारताची रेघ एवढी उंच का गेली, असे आपण विचारले होते. भारतात ह्युंदाई आणि किया यांचे कारखाने आहेत, एवढे आठवले असते तरी मी तो आलेख छापण्यापूर्वी थांबलो असतो.

मला अधिक लाज वाटते ती अशासाठी, की ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी न्हावा शेवा बंदराजवळच्या एका क्लिअरिंग एजंटाच्या कार्यालयात बिल ऑफ एन्ट्रीचे, म्हणजे आयात मालाच्या घोषणापत्राचे, मसुदे तयार करत असे. कोरियातल्या बुसान बंदरातून आलेल्या एका कंटेनरच्या कागदांवर ‘आसनांचे सुटे भाग’ असे वर्णन होते. तपासणीसाठी माल उघडायचा होता, आणि मी मनात सोफ्याच्या गाद्या, फार तर लाकडी हात धरून चाललो होतो. खोक्याचे झाकण निघाले तेव्हा आत निळसर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले तेलकट लोखंडी भाग निघाले : आसन मागे-पुढे सरकवण्याचे रूळ आणि पाठ कलती करण्याची दातेरी चक्रे. हातरुमालाला लागलेला तो तेलाचा डाग कधीच निघाला नाही. त्यावर ‘साहेब, हेच तुमचं फर्निचर’ असे तिथला जुना हमाल हसत म्हणाला होता. एवढे पाहूनही, वीस वर्षांनी, मी तेच केले.

आलेख मी काढून टाकला आहे. त्याऐवजी ९४०३ आणि ९४०४ वेगवेगळे दाखवीन आणि ९४०१ मधून मोटारीची आसने व त्यांचे भाग वजा करीन. २०२२ पासून सुट्या भागांचे उपशीर्षक बदलून लाकडी आणि इतर असे दोन भाग झाले आहेत, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना करताना थोडे जपून राहावे लागेल.

आता गाद्यांच्या कंपनीकडे, म्हणजे झीनसकडे वळतो. आपण लिहिता ते खरे आहे : अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या तिच्या गाद्या कोरियातून निघत नाहीत, त्यामुळे कोरियाच्या निर्यातीत त्या मोजल्या जात नाहीत आणि मी त्यांना ‘कोरियन निर्यात’ म्हणायला नको होते. परंतु त्यापुढे जाऊन ‘म्हणजे यात कोरियाचे काहीच नाही’ असे आपण म्हणता, तेथे माझा मतभेद आहे. ही कंपनी १९७९ मध्ये जिनवूंग या नावाने सुरू झाली आणि ती तंबू बनवत असे. एके काळी ती जगातल्या मोठ्या तंबू-उत्पादकांपैकी एक होती. तो धंदा खालावला, २००५ मध्ये तिचे नाव शेअर बाजारातूनही गेले, आणि त्यानंतर तिने दाबून, गुंडाळून खोक्यात भरलेली गादी अमेरिकेत ऑनलाइन विकायला घेतली. २०१९ मध्ये ती पुन्हा बाजारात नोंदली गेली आणि २०२२ मध्ये ह्युंदाई डिपार्टमेंट स्टोअर समूहाने तिचा ताबा घेतला. मोठ्यात मोठी वस्तू लहानात लहान पिशवीत कशी बसवायची, हे तंबूवाल्याला शिकवावे लागत नाही, असे मला नेहमी वाटते. हा माझा तर्क आहे. कंपनीने तसे म्हटल्याचा दावा मी करत नाही.

या धंद्याचा सगळा पेच घनफळात आहे. चाळीस फूट लांबीच्या, जादा उंचीच्या कंटेनरमध्ये साधारण ७६ घनमीटर जागा असते आणि फर्निचर भरताना वजनाची मर्यादा कितीतरी दूर असतानाच ती जागा संपते. दुहेरी पलंगाची पाऊण फूट जाडीची गादी तशीच पाठवली तर ती पाऊण घनमीटर जागा खाते. तीच दाबून, हवा काढून, गुंडाळून खोक्यात घातली की पाव घनमीटरही लागत नाही. म्हणजे त्याच भाड्यात तिपटीहून अधिक गाद्या जातात, आणि ग्राहकाच्या दारात खोके ठेवायला एक माणूस पुरतो. घरी प्लॅस्टिक कापल्यावर गादी सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करते, काही मिनिटांत बरीचशी फुगते, आणि कोपरे मात्र पुढचे दोन दिवस उठायला कुरकुरत राहतात. लाकडी कपाटाला असा श्वास सोडता येत नाही.

म्हणूनच कारखाना कुठे असावा, हा प्रश्न या कंपनीसाठी भावनेचा कधीच नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेने चिनी गाद्यांवर अँटी-डम्पिंग शुल्क (अवाजवी स्वस्तात विकल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचे जादा शुल्क) लावले आणि त्याचा कमाल दर १,७०० टक्क्यांच्या वर गेला. तेव्हा चीनमधल्या कारखान्यांवर अवलंबून असलेल्या झीनसने उत्पादन इंडोनेशियात हलवले आणि पुढे जॉर्जिया राज्यातही कारखाना उभारला. २०२१ मध्ये शुल्काच्या यादीत इंडोनेशियाही आला, पण झीनसच्या वाट्याला आलेला दर त्या मानाने किरकोळ होता. गादीवर इंडोनेशियाचे नाव छापले जाते. कुठून उठायचे आणि कुठे बसायचे, हा निर्णय मात्र कोरियात झाला. सीमाशुल्काच्या कागदावर यासाठी रकाना नाही. माझा आलेख एका बाजूला मोटारीच्या रुळांनी फुगला होता आणि दुसऱ्या बाजूला या गाद्या त्यात नव्हत्या, म्हणजे तो दोन्हीकडून खोटा होता.

कोरियातून लाकूड भरून पाठवण्याचा मार्ग आधी चालून पाहिला नव्हता, असे नाही. १९६०-७० च्या दशकांत प्लायवूड ही कोरियाची आघाडीची निर्यात होती. ओंडके आग्नेय आशियातून यायचे, बुसान-इंचॉनमध्ये त्यांचे पातळ थर सोलून प्लायवूड बनायचे आणि माल अमेरिकेला जायचा. बुसानचा डोंगम्योंग हा त्यातला बलाढ्य कारखाना १९८० मध्ये बंद पडला. १९८५ मध्ये इंडोनेशियाने ओंडक्यांची निर्यातच थांबवली, तेव्हा उरलेल्यांचाही कच्चा माल आटला. १९६६ मध्ये सुरू झालेली बोरुनेओ ही फर्निचर कंपनी निर्यातीच्या जोरावर नावारूपाला आली आणि १९९१ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली. ज्याचे जंगल आपले नाही आणि मजुरीही आता स्वस्त नाही, त्याने लाकडाचे खोके समुद्रापार पाठवून किती दिवस काढावेत? मूळ लेखात हा इतिहास मी दोन वाक्यांत उरकला होता.

मुक्त व्यापार कराराचे उत्तर थोडक्यात देतो. तो करार १५ मार्च २०१२ रोजी लागू झाला हे बरोबर आहे, परंतु उरुग्वे फेरी या जागतिक व्यापार वाटाघाटींनंतर अमेरिकेचे फर्निचरवरील आयातशुल्क त्याआधीच बहुतांशी शून्यावर आले होते. जे शून्य आहे ते आणखी काय कमी होणार? करार फर्निचरसाठी निर्णायक ठरला असता तर मी तो टाळला नसता. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने गादीदार लाकडी फर्निचर आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांवर २५ टक्के शुल्क लावले, तेव्हापासून हे चित्र पालटले आहे, आणि त्यावर वेगळे लिहावे लागेल.

कामगारांविषयीची उणीव खरी आहे. सोलच्या पूर्वेला नामयांगजू येथे मासोक फर्निचर वसाहत आहे. कुष्ठरोग्यांच्या जुन्या वसाहतीच्या जागेवर ती वाढली आणि तिथल्या लहान कारखान्यांत बांगलादेश, नेपाळ, फिलिपाइन्स येथून आलेले कामगार वर्षानुवर्षे भुशात आणि रंगाच्या वासात काम करत आले आहेत. तिथला माल प्रामुख्याने कोरियातल्याच दुकानांत जातो, म्हणून निर्यातीच्या लेखात तो माझ्या नजरेतून सुटला. परंतु हे कारण आहे, सबब नव्हे. निर्यातदार कंपन्या स्वस्त मजुरीच्या देशांत गेल्या आणि देशात उरलेल्या लहान कारखान्यांनी स्वस्त मजुरी देशात आणली, या दोन्ही गोष्टी एकत्र लिहायला हव्या होत्या. तो परिच्छेद मी आता जोडला आहे.

राहिली आपली खुर्ची. ती सिडिझ या कोरियन खुर्ची-कंपनीची असेल तर कोरियातल्या प्योंगथेकची असू शकते आणि व्हिएतनामचीही, कारण त्या कंपनीच्या समूहाचे कारखाने दोन्हीकडे आहेत. खुर्ची आडवी पाडून बैठकीच्या खाली, गॅसच्या दांड्याजवळ पाहावे. तिथे एक चिकटपट्टी असते आणि तीवर उत्पादनाचा देश व महिना छापलेला असतो. काय निघते ते अवश्य कळवावे.