चेरी नसलेल्या ओल्ड फॅशन्डबद्दल

नमस्कार सर,

शनिवारी तुम्ही आमच्याकडे आलात आणि दोन स्टार देऊन गेलात. तक्रार थोडक्यात अशी: साडेसातशेचं ओल्ड फॅशन्ड (व्हिस्कीचं जुनं कॉकटेल) चार घोटांत संपलं, निम्मा ग्लास बर्फच, चेरी नाही, चव कडवट, आणि सोडा मागितला तर वेटर हसला.

आधी हसण्याचं. ते चुकलंच. स्वतःच्या ग्लासात काय घालायचं हे गिऱ्हाइकानं ठरवायचं. त्या मुलाला समज दिली आहे. तुमची माफी मागतो.

कडवटपणातला अर्धा वाटा आमचा. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. संत्र्याच्या सालीला आतला पांढरा भाग चांगला जाड राहिलाय. साल पातळ काढून ग्लासवर पिळायची असते. तिचं तेल वर तरंगतं आणि तोंडाला लावायच्या आधी संत्र्याचा वास येतो. पांढरं राहिलं की तेच व्हिस्कीत कडू उतरतं. गर्दीत सुरी घाईत चालली, दुसरं काय.

उरलेला कडवटपणा बिटर्सचा, म्हणजे थेंबाथेंबानं घालायच्या कडू अर्काचा; तो मात्र हवाच. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राला वाचकानं विचारलं, कॉकटेल म्हणजे काय हो? उत्तर छापून आलं: कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. पुढे बारवाले त्यात नाना लिकर, म्हणजे गोड, स्वादाच्या दारू, घालायला लागले, तेव्हा जुनी मंडळी ‘आम्हाला जुन्या पद्धतीचंच दे’ म्हणू लागली. नाव तिथून पडलं. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरातल्या पेंडेनिस क्लबात हे कॉकटेल जन्मलं, ही गोष्ट आमचा बारटेंडरही रंगवून सांगतो. पण क्लब १८८१ चा, आणि शिकागोच्या पेपरात हे नाव १८८० मध्येच आलेलं आहे. मी त्याला टोकत नाही, गिऱ्हाइकांना गोष्ट आवडते.

१८९५ सालची एक छापील कृती आहे: साखरेचा खडा थोड्या पाण्यात विरघळवा, अँगोस्टुरा या बिटर्सचे दोन डॅश (शिंतोडे), बर्फाचा तुकडा, लिंबाची साल, व्हिस्की. चेरी नाही, सोडाही नाही. चेरी आणि संत्र्याची फोड ग्लासात चेचायची पद्धत रूढ झाली ती अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यावर. तशी आवडणारे पुष्कळ आहेत. मला ते फ्रूट सॅलड वाटतं, पण मागाल तर करून देऊ.

मापात मात्र काटा मारलेला नाही. बरबन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) ६० मिली, म्हणजे लार्जच. बर्फाचा एकच मोठा खडा घालतो कारण तो सावकाश वितळतो; चुरा घातला असता तर दहा मिनिटांत पाणी झालं असतं. हे मेनूवर लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तुम्ही उंच ग्लासाची वाट बघत बसलात. या आठवड्यात लिहून घेतो.

परत आलात तर काउंटरपाशी बसा. साल मी स्वतः काढेन, आणि सोड्याची बाटली शेजारी ठेवलेली असेल.

– मालक